काकाजी रजेवर असताना बदललेले बुश

माणूस नवा नवा इंजिनिअर झाला की त्याला सगळं जग ढिलं दिसायला लागतं आणि त्याचे हात शिवशिवतात. माझे तर जरा जास्तच शिवशिवत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मी कालव्याच्या कामावरच्या एका सरकारी ऑफिसात लागलो. नोकरी अजून कायम व्हायची होती. ऑफिस नागपुरात, काम पारशिवनीकडे आणि ये-जा करायला एक जुनी जीप. चारही चाकांना जोर मिळायचा, त्यामुळे चिखलात ती कधी अडली नाही. पण स्टिअरिंग असं, की वीतभर फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म.

तिचे ड्रायव्हर पन्नाशी ओलांडलेले होते. सगळं ऑफिस त्यांना काकाजी म्हणायचं, मीही म्हणायचो. पंधरा वर्षं ती जीप त्यांच्याच हातात होती. सरळ रस्त्यावरसुद्धा त्यांचे हात सारखे डावी-उजवीकडे हलत असायचे, बाई सुपात तांदूळ पाखडते तसे. वळण यायच्या बरंच आधी ते स्टिअरिंग वळवायला घेत आणि नेमक्या जागी जीप वळे. शेजारी बसून मी त्यांना चिडवायचो, ‘‘काकाजी, गाडी चालवताय की पोहताय?’’

‘‘तिले माहा हात ठाऊक हाये जी,’’ ते हसून म्हणायचे.

एकदा भाचीच्या लग्नासाठी त्यांनी आठ दिवसांची रजा टाकली. मला तेवढंच हवं होतं. सरकारी गाडी खात्याच्या वर्कशॉपबाहेर कुणाकडे उघडायची नाही, असा नियम होता. पण वर्कशॉपमध्ये गाडी टाकली की तीन-तीन महिने सुटत नसे. नियम वगैरे म्हाताऱ्यांसाठी असतात असं माझं तेव्हाचं मत होतं. मी जीप सरळ नागपूरच्या महाल भागातल्या एका मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री विणकरांच्या घरातला, माग सोडून लेथवर आलेला. तो गाडीखाली सरपटला आणि पुढचा एक दांडा धरून हलवू लागला. ‘‘साहेब, पहा. दोन्ही चाकांले जिथून दांडे जातात ना, तो बीचवाला तुकडा. त्याचे बुश, म्हंजे पिनीभोवतीच्या धातूच्या नळ्या, घासून खतम झाले. पिन त्यात नाचून राहिली.’’ मग बाहेर येऊन हात पुसत विचारलं, ‘‘सरकारी गाडी हाये. कागद हाये का?’’

‘‘कागदाचं मी पाहतो,’’ मी म्हणालो. पाहिलं काहीच नाही.

काम मात्र त्याने देखणं केलं. गनमेटल या काशासारख्या धातूच्या गोळ्यातून लेथवर नवे बुश काढले, ठोकून बसवले, भोक नेमक्या मापाचं करणारा रीमर आतून फिरवला, पुन्हा मोजलं, पुन्हा फिरवला. नवी पिन तेल लावून आत गेली ती अशी, की अंगठ्याने दाबावी लागली. महालातल्या गल्ल्यांतून सायकलरिक्षांना चुकवत मी स्वतः जीप बाहेर काढली. बोटभर फिरवलं की चाकं वळत होती. मी इतका खूश होतो की उगाचच लांबच्या रस्त्याने घरी गेलो.

काकाजी रजेवरून परतले त्या सकाळीच मोठ्या साहेबांना कालव्याची पाहणी करायची होती. साहेब व्हरांड्यात फायली चाळत उभे होते. काकाजी गाडीत बसले, सवयीने स्टिअरिंग हलवलं आणि थबकले.

‘‘काय केलं जी गाडीले?’’

‘‘बुश बदलले. आता बघा कशी पळते ती.’’

माझी अपेक्षा होती की ते हरखून जातील. त्यांचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाले, ‘‘काहून केलं जी? मले इचारलं नाई. एक दिवस मले एकट्यालेच फिरवू द्या, मंग साहेबाले बसवा.’’

‘‘अहो, आधीपेक्षा सोपं झालंय ते,’’ मी म्हणालो. साहेब ताटकळत उभे असताना मी त्यांना काय सांगणार होतो? कागदाविना गाडी उघडली हे? मी मागे जाऊन बसलो.

पारशिवनीपर्यंत काकाजींनी जीप जपून, हळूहळू चालवली. साहेब म्हणाले, ‘‘काय हो, आज बैलगाडी का?’’ काकाजींनी वेग वाढवला. कालव्याच्या भरावावरच्या वाटेला लागलो आणि झुडपातून एक वासरू आडवं आलं. विचार करायला वेळ असता तर त्यांनी बेताने वळवलं असतं. पण हातांनी केलं ते पंधरा वर्षांच्या सवयीने केलं. स्टिअरिंग वीतभर फिरलं आणि जीपने यावेळी ते सगळं ऐकलं. आम्ही भरावावरून घसरत खाली तुरीच्या शेतात आडवे झालो. साहेबांचं मनगट मोडलं. काकाजी उलट्या बाजूने कसेबसे बाहेर आले आणि आधी वासरू कुठे आहे ते पाहिलं. ते खुशाल चरत होतं.

दोन दिवसांनी आम्हा दोघांना साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. साहेबांचा हात प्लास्टरात होता. काकाजी आधी बोलले, ‘‘माहा हात चुकला, साहेब.’’

साहेब माझ्याकडे वळले. ‘‘गाडीत काही दोष होता?’’

‘‘नाही साहेब. गाडी ठीक होती.’’

शब्द न् शब्द खरा होता. इतकं खरं बोलून इतका खोटेपणा मी पुन्हा कधी केला नाही. आता वय झालं, असं साहेबच म्हणाले आणि मी मान हलवली. ती मान हलवल्याची मला आजही लाज वाटते. पुढच्या आठवड्यात काकाजींची ड्रायव्हरी गेली. त्यांना सिमेंटच्या गोदामावर चौकीदार म्हणून बसवलं. मी वर्षभरात कायम झालो. गोदामाकडे काम निघालं की मी दुसऱ्या कुणाला पाठवायचो.

ते निवृत्त झाल्यावर मात्र राहवेना. नागपुरातच नंदनवन वस्तीत मुलाच्या घरी असतात असं कळलं, तसा एका रविवारी गेलो. त्यांनी खुर्ची दिली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी मनात घोकून नेलेलं एका दमात बोललो, ‘‘काकाजी, तुम्ही साहेबांना बुशांचं सांगितलं नाहीत. माझी नोकरी वाचवलीत. मी तुमचा अपराधी आहे.’’



‘‘वाचवली? नाई जी. मी म्हटलं, आपली चूक आपण पह्यले सांगावं, मंग तुमी तुमची सांगान. तुमी तिथं नाई बोलले, तं वाटलं, मांगून एकटे जाऊन सांगान. म्हणून तं आठ दिवस रोज येऊन साहेबाच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून राहत होतो. म्हटलं, आता साहेब मले बलावतीन.’’

त्या आठ दिवसांत मी त्यांना रोज त्या बाकावर पाहत होतो. ते बदलीच्या कागदासाठी थांबलेत, अशी मी स्वतःची समजूत घातली होती आणि समोरून जाताना हातातली फाईल उघडून वाचत जात होतो.