दगडीपाल्याचा रस आणि आईचा पाटा

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात दादाच्या पोटरीत काच घुसून खोल जखम झाली, तेव्हा मी परळच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. आमच्या लालबागच्या चाळीत इंटर सायन्स झालेली मी एकटीच मुलगी, त्यामुळे अर्ध्या हळकुंडाने पुरती पिवळी झाले होते.

आमच्या साहेबांनी तेव्हा दगडीपाला तपासायला घेतला होता. गिरणीच्या भिंतीलगत उगवतो तोच, खरचटलं की चोळून लावायचा. जंतू वाढवलेल्या काचेच्या ताटलीत त्याच्या रसाचा थेंब सोडला की दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल दिसायचा. तेवढ्या जागेत जंतू वाढलेलेच नसायचे. आता त्याच पानांत अँटिऑक्सिडंट असतात असंही छापून येतं. आम्हाला तेव्हा तो गोलच पुष्कळ होता.

दादा दवाखान्यात जायला तयार नव्हता. तिथे लिहून घेतलेलं नाव पोलिसांकडे जातं, अशी चाळीत सगळ्यांनाच भीती. आईला मात्र राहवेना. "डाक्टराक दाखवया गो," ती म्हणाली. मीच तिला गप्प केलं. "आई, मी रोज डोळ्यांनी बघते. पाला जंतू मारतो." माझ्या शिक्षणापुढे ती काय बोलणार? रोज पाला वाटून जखमेवर बांधू लागली.

चौथ्या दिवशी मला मिरवायची हुक्की आली. आईने वाटलेल्या पाल्याचा गोळा डबीतून नेला आणि ताटलीत ठेवला. आमच्या घरचा पाला तुमच्या रसाला भारी आहे, हे साहेबांना दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ताटली बघितली. गोल नव्हताच. उलट त्या गोळ्यातूनच नवे जंतू चहूकडे पसरले होते, पिवळट, बुळबुळीत. साहेबांनी शांतपणे विचारलं, "वाटला कशावर?"

पाट्यावर. बांगडे साफ केलेल्या हातांनी आई ज्यावर रोज खोबरं वाटायची आणि ओल्या फडक्याने पुसून ठेवायची, त्या पाट्यावर. प्रयोगशाळेत मी पानं तीनदा धुवायची, खलबत्ता उकळायची, जंतूही आरपार जाणार नाहीत अशा गाळणीतून रस गाळायची. एका काचेच्या ताटलीसाठी एवढं सगळं. घरी मात्र आईला पाटा उकळत्या पाण्याने धू, एवढंही सांगितलं नव्हतं. मला माझीच किळस आली.

धावत घरी आले. सकाळी नुसती कणकण होती, आता दादाचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि तापाच्या ग्लानीत तो मला ओळखतही नव्हता. शेजाऱ्यांनी त्याला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. त्याचं नाव आईने कुणी विचारायच्या आतच सांगून टाकलं.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. मग म्हणाले, "हा पाला लावायला कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"मियाच लावलंय," आई म्हणाली. "माका अडाण्याक काय कळता?"

दादाचा पाय पुढे गुडघ्याखाली कापावा लागला. त्या दिवशी डॉक्टर आईला पुष्कळ बोलले. ती मान खाली घालून ऐकत होती, आणि तिच्या शेजारी इंटर सायन्स झालेली मी गप्प उभी होते.