पिल्लांची पेटी

माँटानातल्या आमच्या गावातलं टपाल वर्गवारी केंद्र चालू राहावं म्हणून विल्माने तीन सभांमध्ये घसा कोरडा केला. मी तिच्याच शेजारच्या टेबलावर टपाल लावतो. तिसऱ्या सभेत टपाल खात्याचा साहेब म्हणाला, "महिनाभर तुमचं टपाल डोंगरापलीकडच्या शहरातून फिरवून बघू. एका दिवसाच्या उशिराने काय बिघडतंय, बाई?"

विल्मा थकून नुसती खाली बसली. साहेबाचं काय जातंय म्हणा, त्याच्या घरी अंडी दुकानातून येतात.

आमच्याकडे दर वसंतात कोंबडीची जिवंत पिल्लं टपालानेच येतात. दाण्यापाण्याशिवाय ती जेमतेम तीन दिवस तगतात. चिवचिवणारी पेटी आली की विल्मा ती हीटरपाशी ठेवायची आणि पहाटेच लोर्नाच्या शेतावर फोन लावायची. "ए लोर्ना, पळत ये गं! तुझ्या पोरांनी कान किटवलेत माझे!" लोर्ना झोपेच्या कपड्यांतच गाडी काढायची.

काल लोर्नाची पेटी शहरातून फिरून, एक दिवस उशिरा आली. विल्माने सवयीने ती हीटरपाशी ठेवली, कान लावला, मग झाकण उचलून पाहिलं.

मी म्हटलं, "फोन मी करू का?"

"गप रे," म्हणत तिनेच नंबर फिरवला.

"लोर्ना, पेटी आलीय. सावकाश ये. घाई नाही."