अर्धी गोळी

आमच्या घरात औषधांच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असतो, असा माझा बरीच वर्षं समज होता. मी भूलतज्ज्ञ. वॉटफर्डजवळच्या एका हॉस्पिटलात रोज सहा-सात माणसांना झोपवायचं आणि पुन्हा शुद्धीवर आणायचं, हे माझं काम. झोपवण्याआधी प्रत्येकाला मी विचारतो, आज सकाळपासून काय काय घेतलंत? लोक विसरतात, लाजतात, बायको शेजारी उभी असेल तर सरळ खोटं बोलतात. असल्या पेशंटचा मला फार राग यायचा. त्या उन्हाळ्यानंतर तो येईनासा झाला.

दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट असेल. आई सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून विलायतेत आमच्याकडे आली होती. ती मूळची मालवणकडची. मासा डोळे बघून आणि कल्ले उचलून घ्यायचा, हा तिचा धर्म. सुपरमार्केटात बर्फावर ठेवलेला सी बास बघून ती म्हणाली, "हा तर जिताड्याचा भाऊ. पण मेलेला किती दिवसांचा?" तेवढ्यावरून मासे धरायला जायचा विषय निघाला. माझी थोरली मुलगी अकरा वर्षांची. तिच्या वर्गातली एक मुलगी आईबापांबरोबर बोटीतून मासे धरून आली होती, तेव्हापासून हिनेही धोसरा लावला होता. धाकटी सहाची. ती तीन आठवडे एकच विचारत होती की मासा आपल्यालाही चावेल का. शेवटी मी दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बोटवाल्याची अर्ध्या दिवसाची बोट ठरवली.

बोट लागू नये म्हणून मुलींना, निदान धाकटीला तरी, गोळी द्यावी, असं बायको जेवताना म्हणाली. मी तिथेच एक लेक्चर दिलं. हवा शांत आहे, फोरकास्ट मी बघितलाय, त्या गोळीने पोरं पेंगतात, सगळी मजा झोपेत जाईल. आई म्हणाली, "आम्ही आगबोटीने मुंबईला यायचो तेव्हा माणसं ओकून ओकून अर्धमेली व्हायची रे." मी म्हणालो, "आई, ती आगबोट वेगळी. माझ्या मुलींना गोळ्या द्यायच्या नाहीत. विषय संपला." दोघी गप्प झाल्या. घरातल्या बायका गप्प झाल्या की आपण जिंकलो, असं मला वाटत असे. हा मूर्खपणा माझा जुना आहे.

शनिवारी पहाटे पाचच्या सुमाराला निघालो. मोटरवेवर उजाडलं आणि दोन्ही बाजूंची झाडं वाऱ्याने वाकलेली दिसायला लागली. माझा फोरकास्ट डोळ्यांसमोर खोटा पडत होता. सातच्या सुमाराला सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेवरच्या थांब्याला, थांबलो. बायको थोरलीला घेऊन टॉयलेटला गेली. आई मागे डोळे मिटून बसली होती. माझ्या खिशात गोळ्यांचं पाकीट होतं. हो, होतं. घरातल्या औषधांच्या डब्यात दोन पाकिटं होती, त्यातलं एक आदल्या रात्री मीच गुपचूप टाकलं होतं, लागली तर असू दे म्हणून. मी एक गोळी नखाने मोडली, अर्धी धाकटीच्या जिभेवर ठेवली, वर पाण्याची बाटली दिली आणि म्हणालो, "ममाला सांगू नकोस." तिने लगेच मान हलवली. इतक्या सवयीने हलवली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

हार्बरवर पोचेपर्यंत वारा पडला होता. बोटवाला साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने सगळ्यांना लाइफ जॅकेटं घातली, पट्टे स्वतः ओढून बघितले आणि मुलींना सांगितलं की बासच्या पाठीवर काटे असतात, मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. धाकटी माझा हात धरून आली, पण पाय ओढत. बोट सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत ती केबिनमधल्या बाकावर माझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. "चार वाजता उठवलंय तिला, झोपू दे," बायको म्हणाली. मीही झोपू दे म्हणालो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. पोरीला बोट लागली नाही, माझं बोलणं खरं ठरलं.

पाऊण तासाने एका बुडालेल्या खडकाच्या आसपास बोटवाल्याने इंजिन बंद केलं आणि बोट प्रवाहाबरोबर वाहू दिली. पहिले दोन बास बारके निघाले. त्याने पट्टीवर ठेवून मोजले, छत्तीस सेंटिमीटरच्या आत भरले, परत पाण्यात सोडले. आई बाकावर बसूनच केबिनच्या उघड्या दारातून बघत होती. तिने घरून सुरी, हळद आणि मीठ आणलं होतं. "एवढाले मासे टाकून देतो हा माणूस," ती मला मराठीत म्हणाली. तिच्या दृष्टीने तो वेडा होता.

तिसरा थोरलीला लागला. गळाची काठी अशी वाकली की बोटवाल्याने तिच्या कमरेला धरलं. दहा मिनिटं ती ओरडत, रडत, हसत दोरी गुंडाळत होती. मग जाळीत तो आला. रुपेरी, जाडजूड, माझ्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. फळ्यांवर पडल्याबरोबर तो असा आपटायला लागला की सगळी बोट दणाणली. एक उडी केबिनच्या उंबऱ्यापर्यंत गेली. पाणी धाकटीच्या तोंडावर उडालं. थोरली किंचाळली, "आजी, माझा मासा आली! उठव ना तिला!"

धाकटीने डोळे उघडले नाहीत. तोंडावरचं खारं पाणी गालावरून खाली गेलं आणि तिची पापणीही हलली नाही.

थोरलीने तिला हलवलं. मग माझ्याकडे वळून, हसणं थांबवून म्हणाली, "बाबा, ती उठत नाही. मी तिचा हात पिंच पण केली."

मी आत गेलो. नाडी जलद, कातडी कोरडी आणि गरम, बाहुल्या मोठ्या. छातीच्या हाडावर बोटांची पेरं रगडली, तसं आम्ही बेशुद्ध पेशंटला करतो. तिने एक डोळा अर्धा उघडला, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा ग्लानीत गेली. मी हनुवटी वर उचलून धरली. श्वास चालू होता. वीस वर्षं हेच काम केलेला माणूस मी, आणि माझ्याजवळ त्या बोटीत ऑक्सिजन नव्हता, मॉनिटर नव्हता, श्वासासाठी घालायची साधी नळी नव्हती. माझ्या हातात फक्त तिची हनुवटी होती.

बोटवाल्याने एकदा आत बघितलं आणि काही न विचारता इंजिन सुरू केलं. जाता जाता तो भला मोठा बास त्याने उचलून पाण्यात सोडून दिला. आई बघत होती.

"हिला कुणी काही दिलंय का?" मी विचारलं. माझा पेशंटला विचारायचा आवाज.

बायको म्हणाली, "मी दिली. अर्धी गोळी. पाच वाजता, दुधातून." मग म्हणाली, "तू ऐकणार नव्हतास."

आणि मी तिच्यावर ओरडलो. नको म्हणून सांगितलं होतं ना मी, म्हणालो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. ओरडताना माझं डोकं मात्र हिशेब करत होतं. तिची अर्धी, माझी अर्धी, एक गोळी झाली. एका गोळीने सहा वर्षांची पोर पेंगेल, पण इतकी नाही. मी आईकडे बघितलं.

आईने धाकटीचे पाय मांडीवर घेतले होते. ती म्हणाली, "मी पण दिली. पहाटे, कपडे घालताना. मोरावळ्यातून."

"किती?"

ती माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ की मला वाटलं तिला इंजिनच्या आवाजात ऐकू गेलं नाही.

"दीड," ती म्हणाली.

दीड कशी, असं माझ्या मनात आलं. माणूस एक देतो, नाहीतर अर्धी. पण तेवढ्यात बायकोचा बांध फुटला. "आई, तुम्ही दीड गोळी दिलीत? एवढ्याशा पोरीला? कुणाला विचारलंत? तुम्हाला काय वाटलं, मला माझी मुलगी सांभाळता येत नाही?" बारा वर्षांच्या संसारात तिने माझ्या आईशी चढ्या आवाजात बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ती बोलली, आणि बोलतच राहिली. आईने मान खाली घातली. एकदाही उलटून बोलली नाही.

बोटवाल्याने रेडिओवरून कोस्टगार्डला कळवलं आणि मला विचारलं, काय घेतलंय, किती? आता सांगायचं, असं मी ठरवलं. आणि माझ्या तोंडून "दोन गोळ्या" निघालं. अर्धी अधिक दीड. माझी मी धरली नाही. अर्ध्या गोळीने उपचार बदलत नाहीत, मी स्वतःला सांगत होतो. श्वासावर लक्ष ठेवायचं, हृदय बघायचं, वाट बघायची, दोन असो की अडीच. ते वैद्यकीयदृष्ट्या खरंही होतं. खरं कारण एवढंच होतं की आत्ताच मी बायकोवर ओरडलो होतो. आता कोणत्या तोंडाने सांगणार?

किनारा चाळीस मिनिटांवर होता. मी एका हाताने हनुवटी धरून श्वास मोजत होतो. बायको मध्येच गप्प व्हायची, धाकटीकडे बघायची आणि पुन्हा आईला बोलायची. थोरली कोपऱ्यात बसून रडत होती आणि म्हणत होती की मला मासा नको होता. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि इतकी लाजही. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी एकाच माणसात मावतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

धक्क्यावर अँब्युलन्स उभी होती. पॅरामेडिक बाईने विचारलं, अजून काही? मी म्हणालो, नाही.

हॉस्पिटलात तिला मॉनिटर लावला. ती हिरवी रेघ बघून मला रडू आलं. तिशीचाही नसेल असा एक डॉक्टर कागद घेऊन आला. बायकोने वेळा सांगितल्या, त्याने लिहून घेतल्या. दोन गोळ्या. मग त्याने पेन थांबवलं, आमच्या तिघांकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं की आणखी कुणी, काही, दिलंय का. त्याने आवाज चढवला नाही. मी त्याच्या जागी असतो तर चढवला असता.

"अर्धी मी दिली," मी म्हणालो. "सात वाजता. गाडीत."

बायकोने माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर कागदावर खोडून म्हणाला, म्हणजे एकूण अडीच.

आईला इंग्रजी बोलता येत नाही, पण आकडे कळतात. ती खुर्चीवरून उठली. "अडीच नाही," ती मला मराठीत म्हणाली. "त्याला सांग, दोनच. मी एक दिली होती."

"तू दीड म्हणालीस."

"अर्धी तुझी होती. मी गाडीत जागी होते."

कुणीतरी कानाखाली मारावी तसं झालं. "मग तेव्हाच का नाही बोललीस? मी देत असताना?"

"बोलले असते तर माझी पण सांगावी लागली असती. तू रागावला असतास. बोटीत म्हटलं, आता तू सांगशील. नाही सांगितलंस. आकडा तर बरोबर जायला हवा होता ना पोरीचा. म्हणून तुझी मी माझ्यात घातली."

डॉक्टर वाट बघत उभा होता. मी त्याला सांगितलं, दोन. त्याने अडीच खोडून पुन्हा दोन लिहिलं.

दुपारी चारच्या सुमाराला धाकटी जागी झाली. चिडचिडी, तोंड कोरडं पडलेलं, पाणी पाणी करत. थोडं पाणी प्यायल्यावर तिने विचारलं की मासा कधी धरायचा. बायको रडत रडत हसली. मग ती उठून आईच्या खुर्चीजवळ गेली, खाली फरशीवर बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आई, मी तुम्हाला काय काय बोलले." आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. दोघींपैकी कुणीही माझ्याकडे बघितलं नाही.

आई पुढच्या महिन्यात परत गेली. त्या दिवसाबद्दल ती पुन्हा एक अक्षर बोलली नाही, आणि मी माफी मागायला तोंड उघडलं की स्वयंपाकघरात जायची. बायकोने एकदाच विचारलं. तेही ओरडून नाही. "अर्धी दिलीस ते मी समजू शकते. मीही दिलीच. पण बोटीत मी त्यांना इतकं बोलत होते, तू समोर बसला होतास. थांब म्हणायला काय झालं होतं?"

चाळीस मिनिटं माझ्या आईने माझ्या वाटची बोलणी खाल्ली, आणि मी तिला ती खाऊ दिली.