सातवं कलम आणि सासुरवाडीची मंडई

तिलक रहांगडालेनं वकिली सोडली ती एका तारखेवरून. धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या कोर्टात शेताच्या बांधाचा एक दावा त्यानं अकरा वर्षं चालवला. अकराव्या वर्षी वादी वारला, प्रतिवादीला ऐकू येईनासं झालं, आणि पुढची तारीख पडली. घरी येऊन त्यानं काळा कोट खुंटीला लावला.

"कबड्डीत चाळीस मिनिटांत निकाल लागते," तो बायकोला म्हणाला.

"मग खेळा कबड्डी," दुर्गेश्वरी म्हणाली. "या वयात हातपाय मोडून घ्या."

तो खेळला नाही. आधी खेळाडूंचे करार लिहून दिले, मग नियमावली. मग आठ संघांच्या व्यावसायिक लीगचा तो मुख्य अधिकारीच झाला. दोन फोन, एक मोटरसायकल. सकाळी आमगाव, दुपारी सालेकसा. एका जागी बसणं जमेना. जेवतानाही उजवा पाय हलत राही.

तिसऱ्या हंगामात, आमगाव-गोरेगाव अंतिम सामना दोन दिवसांवर असताना, चुन्नीलाल ऑफिसात आले. आमगाव संघाचे मालक, राइस मिलवाले. त्यांनी फोन पुढे धरला. पडद्यावर गोरेगाव संघाचा गुड्डू एका गावच्या मैदानात चढाई करत होता.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्री नाटक, दिवसा कबड्डी. आणि त्या भागात जावई सासुरवाडीच्या गावाकडून उतरतो. नाही म्हणायची रीत नाही.

"कलम सात," चुन्नीलाल म्हणाले. "हंगामात दुसऱ्या मैदानावर खेळला त लीगबाहेर. तुम्हीच लिहिलं ना, वकीलसाहेब?"

तिलकनंच लिहिलं होतं. लिहिताना मंडई आठवली नव्हती. आणि अंतिम सामन्याला मोठ्या लीगचे निवडकर्ते येणार होते, ते गुड्डूलाच पाहायला.

गुड्डू आला तो थेट धानाच्या चुरण्यावरून, मळणी अर्धी टाकून. केसांत तणसाची काडी.

"काऊन खेळला रे?"

"सासूनं हातात मानाचा नारळ देल्ला. नाही कसं म्हणू?"

"करारात लिहिलं होतं."

"मले का मालूम? तुम्ही म्हणले सही कर, म्या केली."

तिलकचा हलता पाय थांबला. बाजाराच्या दिवशी, एका दुपारी, नव्वदच्या वर सह्या घेतल्या होत्या त्यानं. वकिलीत त्यानं कोणाचा अंगठासुद्धा कागद वाचून दाखवल्याशिवाय घेतला नव्हता. त्या दुपारी घाई होती.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या बैठकीत तो उभ्यानंच बोलला. "करार मी वाचून दाखवला नाही. चूक माझी. गुड्डू खेळेल. सामन्याआधी दोन्ही संघांचे करार वाचले जातील, सह्या नव्यानं होतील."

"आमच्या पोरायनं मंडई सोडली, ती कायले मग?" चुन्नीलाल म्हणाले. "हंगाम संपू द्या. तुमच्या खुर्चीचं पाहतो."

तिलक करारांच्या नव्या प्रती काढायला निघाला.

सामन्याच्या दिवशी तो मॅटच्या कडेला मांडी घालून बसला. चोवीस खेळाडू, चोवीस करार. कलम सात त्यानं प्रत्येकाला घरच्या बोलीत सांगितलं. तेवीस सह्या झाल्या. गुड्डू शेवटी.

"म्हणजे पुढल्या मंडईले सासुरवाडीकडून नाही?"

"नाही."

"किती वर्सं?"

"तीन."

गुड्डूनं पेन खाली ठेवलं. "घरी विचारा लागन, साहेब. सासू जनमभर बोलन."

पंचानं शिट्टी फुंकली. निवडकर्ते खुर्च्यांवर येऊन बसले. सही नाही तर खेळ नाही, ही अट कालच तिलकनं घातलेली. गुड्डूच्या खांद्यावर नुसता हात ठेवला असता तरी त्यानं सही केली असती. तिलकला ते माहीत होतं.

त्यानं कागद ओढून घेतला. वरच्या कोपऱ्यात, हाताला सवय होती तसं, पुढचा मंगळवार लिहिला.

"मंगळवारपर्यंत विचार कर. आज खेळ."

"तारीख देल्ली का, वकीलसाहेब?" चुन्नीलाल मागून म्हणाले.

"देल्ली."

गुड्डू मॅटला हात लावून आत गेला. तिलकला बघवेना. तो खुर्च्यांच्या मागून फेऱ्या मारत राहिला. आरडाओरडा झाला की थांबायचा, शेजारच्याला विचारायचा, "कोणाचा गुण?" आणि उत्तर यायच्या आत पुन्हा चालू लागायचा.