कन्हानचा कवेलू

माझ्या मोठ्या भावाला रिटायर झाल्यावर मासे पकडायचा नाद लागला. दर रविवारी तो बेशातल्या घरून स्कूटरवर कन्हान नदीला जायचा, दिवसभर गळ टाकून बसायचा आणि येताना रोहू घेऊन यायचा. हा रोहू नदीतूनच कापून, धुऊन, पिशवीत बांधून येई. वहिनी फक्त किलोचा भाव विचारून घेई.

एका रविवारी मात्र तो बादली घेऊन आला. वर ओला टॉवेल. मला खास फोन करून बोलावलं होतं. टॉवेल काढला तर आत हातभर लांब, काळा, ठिपक्याठिपक्यांचा मासा. अंगावर खवले कसले, चिलखतच. तोंड पोटाच्या बाजूला, आणि त्या तोंडानं त्यानं बादली आतून घट्ट धरलेली.

"हा साधा मासा नाही गा," भाऊ हळूच म्हणाला. "डायनासोरच्या टायमाचा वाटून राहिला मले."

आधी पेपरात कळवावं की विद्यापीठात, यावर त्याचा विचार चालला होता. वहिनीचा मसाला वाटून तयार होता. ती मासा उचलायला गेली तर बादलीही सोबत वर आली. दोघांनी ओढून सोडवला. पावशीवर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, धरला तर पातं त्याच्या पाठीवरून छपराच्या कौलावरून घसरावं तसं घसरलं.

"अहो, नदीतून मासा आणला का कवेलू?" वहिनीनं विचारलं.

त्या रश्शात शेवटी बेसनाच्या पाटोड्या पडल्या. मासा तोवर ओट्यावर कोरडाच पडून होता, तरी मेला नाही. आम्ही त्याला परत पाण्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला धरमपेठेतल्या एका शोभेच्या माशांच्या दुकानात नेलं. भाऊ स्कूटर चालवत होता, मी मागे मांडीवर बादली घेऊन. पोचेपर्यंत अर्धं पाणी माझ्या पँटवर होतं. दुकानदारानं बादलीत डोकावून नुसतं मागे बोट दाखवलं. तिथं काचेला बोटाएवढे असेच मासे चिकटले होते. हा परदेशी मासा, शेवाळ खातो, लोक काच साफ राहावी म्हणून नेतात, असं त्यानं सांगितलं. वाढला की घरात मावत नाही, मग नदीत सोडतात. तिथं तो इथल्या माशांची अंडी खातो, कोळ्यांची जाळी फाडतो. परत नदीत टाकू नका, एवढं बजावून त्यानं स्वतः ठेवून घ्यायला साफ नकार दिला.

भाऊ बाहेर येऊन बादलीकडे पाहत राहिला. डायनासोर गेल्याचं दुःख चेहऱ्यावर होतंच. मारायचा धीर त्याच्यात नव्हता आणि माझ्यातही नव्हता.

"आता काय करू गा याचं?"

घरीच ठेव म्हणालो. गच्चीवर एक जुना ड्रम होता, आतून हिरवागार झालेला. माशानं आठवड्यात तो चकचकीत केला. वहिनी खूष झाली, त्याला काकडीच्या साली टाकू लागली. मग कॉलनीत बातमी पसरली आणि ज्यांचे ज्यांचे मासे काचेत मावेनात, ते लोक बादल्या घेऊन दारात येऊ लागले. भाऊ प्रत्येकाला दारातच उभ्यानं नदी वाचवण्यावर भाषण द्यायचा आणि मग मासा घ्यायचा. ड्रम वाढत गेले, गच्चीवर आता कपडे वाळवायला जागा नाही.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंनी कूलरच्या टाकीत शेवाळ झालं म्हणून एक मासा मागून नेला. भाऊ रोज संध्याकाळी त्याला पाहायला जायचा.

"लेकीले सासरी धाडलं तवा बी हे इतक्यांदा पाहाले गेले नव्हते," वहिनी मला म्हणाली.