पहिल्या फेरीला बाजूची सीट

पासष्टच्या लढाईत माझी नेमणूक पंजाब सरहद्दीवर होती. तोफखान्याच्या एका रेजिमेंटसोबत आमचं फिरतं वर्कशॉप असे. मी व्हेइकल मेकॅनिक, रँक नाईक, गाव वडनेर भोलजी. रायफल मलाही दिली होती, पण हातात जास्त वेळ पानाच असायचा. तोफवाले आम्हाला 'लोहार' म्हणून चिडवायचे आणि गाडी अडली की चहा घेऊन यायचे.

आमच्या वर्कशॉपचा एक रिवाज होता. ज्याने गाडी दुरुस्त केली त्याने पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या बाजूला बसायचं. काही वाजलं, हललं, तर त्याच्याच कानावर पडावं. आमचे सुभेदार साहेब म्हणायचे, "अपने हाथ पे भरोसा है तो बैठो." त्यामुळे कामात हयगय करायची कोणाची छाती नव्हती.

किसन त्या रेजिमेंटचा ड्रायव्हर, साखरखेर्ड्याचा. एकाच जिल्ह्याचे म्हणून आमचं जमलं. त्याच्या वडिलांची जुनी मोटार होती. ते तिच्यातून मेहकरपर्यंत सवाऱ्या न्यायचे. किसन तिच्यावरच शिकला. आमच्या रिवाजाची त्याला भारी गंमत वाटे. मी बाजूला चढलो की म्हणायचा, "आता मराचं तं दोघं मिळून, नाईकसाहेब."

एका सकाळी त्याची थ्री-टन लॉरी तोफगोळे भरलेल्या अवस्थेत आमच्याकडे आली. इंजिनाला चेसिसवर धरून ठेवणारा ब्रॅकेट मोडला होता. इंजिन एका अंगाला कललं होतं आणि पंखा रेडिएटरला घासत होता. स्पेअर नव्हता. मी काटेरी तारेच्या लोखंडी खांबाचा तुकडा कापला, त्याची पट्टी करून मोडक्या ब्रॅकेटवर बसवली आणि बोल्ट आवळले. तेवढ्या वेळात वायरलेसवर पुढच्या तोफांकडून एकच धोशा चालला होता.

"ॲम्युनिशन कब तक? ओव्हर."

काम संपलं. मी बाजूच्या सीटवर चढलो. तेवढ्यात तोफ ओढणारी एक गाडी बंद पडली म्हणून ढकलत आणली. सुभेदार साहेब लॉरीपाशी आले.

"उतरो. पहले वो गाडी."

"साहब, पहिली फेरी..."

"ऑर्डर है."

मी उतरलो. ऑर्डर होती हे खरं. उतरताना मला बरं वाटलं, हेही तितकंच खरं. पुढच्या रस्त्यावर पहाटेपासून गोळे पडत होते. किसन खिडकीतून हसला. "मंग आज मी एकटाच," म्हणाला आणि गिअर टाकला.

वायरलेस चालू होता. मी दुसऱ्या गाडीखाली होतो.

"लॉरी नजर आ रही है. ओव्हर."

"लॉरी रुक गई है. ओव्हर."

मग नुसती खरखर. मग, "लॉरी हिट. ओव्हर."

लॉरी का थांबली ते कोणालाच कळलं नाही. रस्त्यात खड्डा पडला असेल. किसनला आधीच लागलं असेल. किंवा माझी पट्टी सुटली असेल. लॉरीत गोळे भरलेले होते, त्यामुळे तपासायला काही उरलं नाही.

लढाई थांबल्यावर रजा मिळाली, तेव्हा मी साखरखेर्ड्याला गेलो. मोटार निंबाखाली उभी होती. किसनच्या वडिलांनी मला पाणी दिलं. किसनच्या रेजिमेंटसोबत मी गाड्या दुरुस्त करायचो, असं मी त्यांना सांगितलं.

"एंजिन हालून राह्यलं," ते म्हणाले. "पाहतं का जरा?"

बॉनेट उघडलं. ब्रॅकेट मोडलेला. तोच भाग. परत फिरावं असं वाटलं, पण कोणत्या तोंडाने फिरणार?

गावातल्या लोहाराकडून बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव आणली. ती तापवून ब्रॅकेटच्या आकाराला वळवली आणि भोकं पाडली. जॅक नव्हता. किसनचे वडील पहारीवर भार देऊन इंजिन उचलून उभे राहिले. मी पट्टी बसवली, खाली टायरचा तुकडा घातला. काम करता करता त्यांना सांगितलं, "काकाजी, त्या दिवशी किसनच्या लॉरीचा ब्रॅकेट मीच बांधला होता. असाच." त्यांनी पहार आणखी दाबून धरली.

मोटार चालू झाली. ते स्टिअरिंगवर बसले आणि म्हणाले, "बस बाजूले."

मेहकरच्या रस्त्याला लागल्यावर ते बोलले. "किसन रजेवर आला तवा सांगे. तुमच्यात जो गाडी बनवते, तो बाजूले बसते म्हने."

"हो, काकाजी."

"मंग तू होता त्याच्याजवळ. तू वाचला, बरं झालं. शेवटी काय म्हने तो? त्याच्या मायले सांगाचं आहे."

त्यांना काहीही सांगता आलं असतं. पाणी मागितलं, आईचं नाव घेतलं. जीभ रेटली नाही.

"मी नव्हतो, काकाजी. मले उतरवलं. अन् उतरलो तवा मले बरं वाटलं."

त्यांनी मोटार कडेला घेतली. इंजिन चालूच होतं.

"म्हंजे एकटाच होता."

"हो."

मग मान कलती करून त्यांनी इंजिनाचा कानोसा घेतला.

"काही वाजते का?"

"नाही. पट्टी धरून आहे."

"मंग त्याचीबी धरली असन," ते म्हणाले आणि त्यांनी मोटार गिअरमध्ये टाकली.

त्यांनी मला मोकळं केलं होतं. मला मात्र मोकळं होता आलं नाही, आजवर नाही. फौजेतून आल्यावर मी नांदुऱ्याला गॅरेज टाकलं. गाडी कोणाचीही असो, पहिल्या फेरीला मी बाजूला बसतो. गिऱ्हाईकं हसतात, आपला पैसा वसूल होतो म्हणतात. मी खिडकीबाहेर बघत इंजिन ऐकतो.

शिपाई ड्रायव्हर किसन, गाव साखरखेर्डा. गाडी पोचवायला निघाला आणि रस्त्यात गेला. त्याच्या बाजूची सीट माझी होती.