होझिया टॉलिव्हरच्या घरची धून

तंबूच्या खेळात मी तीस वर्षं गायले, नाचले, औषधवाल्याच्या बाटल्या खपाव्यात म्हणून लोकांना पोट धरून हसवलं. मिसिसिपीच्या टेकड्यांत मी टाळी घेतली नाही अशी वस्ती नसेल. पण टाळीकडे पाठ करून बसणारा वादक मी एकच पाहिला, होझिया टॉलिव्हर. गिटार घेऊन तो कोपऱ्याकडे तोंड करून बसे, सूर कसे लावलेत ते कुणाला दिसू नये म्हणून. गिटार खाली ठेवताना सगळ्या खुंट्या ढिल्या करी.

आठवडाभर तो खेचरामागे नांगर धरी आणि शनिवारी नाचाला वाजवी. एक धून मात्र नाचाला कधीच नाही. ती त्याच्या पणजीची. तिला आफ्रिकेतून गुलाम करून जहाजातून आणलं तेव्हा तिच्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं. इथे तिने भोपळ्यावर कातडं ताणून तीन तारा बांधल्या. आजोबांनी तीच धून खोपटाच्या भिंतीला ठोकलेल्या एका तारेवर, बाटली घासत वाजवली. होझियाने ती गिटारवर आणली. अंगठा एकाच सुरावर जात्यासारखा फिरत राही आणि बाकीची बोटं बोलत.

घरातलं कुणी गेलं की ती थडग्यापाशी वाजवायची आणि शेवटी त्या माणसाचा, सुरांचा एक नवा वळसा जोडायचा. त्यात त्याची चाल यायची, हसणं यायचं, खोकलासुद्धा. अकरा वळसे झाले होते. अकरावा त्याच्या लेकीचा, लुवेनियाचा. चार वर्षांची पोर, तापाने गेली. पळता पळता मध्येच उडी मारायची. वळशातही ती उडी होती.

साथीला क्लीव्ह मॅब्री. नऊ वर्षं तो होझियाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला, आणि होझियाने त्याच्यापासून एकही सूर लपवला नाही. लुवेनियाची शवपेटी क्लीव्हनेच बनवली होती.

मग मेम्फिसहून रेकॉर्ड काढणारा माणूस आला. होझिया मला म्हणाला, "मशीनकडे पाठ केली तर चालेल का, विचार त्याला." चालणार नव्हतं. क्लीव्ह एकटाच मेम्फिसला गेला. माझ्या नवऱ्याचा कोट मीच त्याच्या अंगावर चढवला.

ऑगस्टमध्ये वस्तीत मासे तळायचा बेत होता. कुणीतरी नवी रेकॉर्ड लावली. आवाज क्लीव्हचा, शब्द घट्ट बूट घातलेल्या एका पोरीच्या चेष्टेचे, आणि खाली तीच धून. अकरावा वळसा आला, तशी त्या उडीवर सगळ्या अंगणाने उडी मारली.

"होझियाभाऊ, तुमचा क्लीव्ह मोठा झाला की," शेजारीण म्हणाली. "नाचा ना."

"पाय दुखतोय," होझिया म्हणाला, आणि हातातली ताटली कुंपणावर ठेवून घरी गेला.

हिवाळ्यात त्याची आई वारली. क्लीव्ह नवी टोपी घालून दफनाला आला.

"कुठल्या तोंडाने आलास रे?" मी विचारलं.

"मिस ऑर्थेला, बाकीची गाणी सगळ्यांनी आधीच देऊन टाकली होती. त्या रेकॉर्डवाल्याला कुणाकडे नसलेलं हवं होतं." खोटं बोलत नव्हता बिचारा. म्हणूनच मला जास्त लागलं.

होझियाने वाजवायला सुरुवात केली. दोन वळसे झाले नाहीत तोच मागच्या रांगेत पाय हलायला लागले. एक मुलगी ते बुटांचे शब्द गुणगुणली, आईने तिला चिमटा काढला. होझिया थांबला. गिटार त्याने क्लीव्हपुढे धरली.

"तूच वाजव. म्हातारीला बसव त्यात."

क्लीव्हने टोपी काढली. अकराही वळसे त्याने वाजवले, एकही सूर न चुकता. मग बोटं अधांतरी राहिली. नुसता अंगठा फिरत होता.

"नवा वळसा कसा बांधायचा, ते तू कधी शिकवलंच नाहीस, भाऊ."

"शिकवणार होतो," होझिया म्हणाला. "मेम्फिसहून परत आलास की."

अंगठा थांबला. होझियाने फावडं उचललं आणि माती लोटायला लागला. टॉलिव्हरांची म्हातारी वळशाविनाच पुरली गेली.